माझा खोटा मेसेज आणि जोशीबाई

जोशीबाई गेल्याचं त्यांच्या भाचीनं बाजारात येऊन सांगितलं, त्याला आता महिना झाला. मी रावस कापत होते. कोयता तसाच हातात राहिला... गिऱ्हाईक काय म्हणत होतं ते ऐकूच आलं नाही. बाई शाळेतून निवृत्त झालेल्या, पक्क्या शाकाहारी. मांजरासाठी रोज मांदेली न्यायच्या. पाटी घेऊन दारोदार फिरून, भांडून मी अंधेरीच्या बाजारात ओटा मिळवला. तो बाईंमुळे टिकला.

दोन वर्षांपूर्वी शेजारच्या सोसायटीच्या सेक्रेटरीनं वस्तीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मेसेज फिरवला, की आमच्या मासळीवर प्रेतं टिकवायचं औषध मारतात. सोबत फवारणीचा फोटो. गिऱ्हाईक फिरकेना, मासळी फेकून द्यायची वेळ आली. तो मेसेज मुळात पलीकडच्या चिकनवाल्यानं रचला, असा मला संशय. रागाच्या भरात मीही माझ्या आवाजात मेसेज सोडला, की त्याच्या कोंबड्यांना रोग आहे.

दुसऱ्या दिवशी बाई आल्या. "हेमा, तो फोटो दाखव." स्टूल ओढून बसल्या आणि त्या फोटोवरूनच इंटरनेटवर शोध घेतला. फोटो कितीतरी जुना, दुसऱ्या राज्यातल्या बंदरावरचा. तिथल्या वर्तमानपत्रानं बातमीसकट छापलेला. अन्न तपासणाऱ्या सरकारी खात्याच्या संकेतस्थळावर आमच्या बाजाराबद्दल काहीच नव्हतं. मी खूश झाले. बाई म्हणाल्या, "तेवढ्यानं तुझी मासळी चांगली ठरत नाही." त्याच संकेतस्थळावरच्या यादीतली प्रयोगशाळा शोधून मला नमुना द्यायला लावला. अहवाल स्वच्छ आला.

"आता टाका ना ग्रुपवर, बाई."

"टाकते. आधी कोंबडीवाल्याची माफी माग."

"त्या मेल्याची?"

"रोगाचं कुठं वाचलंस? दाखव मला."

वाचलं कुठंच नव्हतं. दोन दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. मांदेली मात्र बांधून दिली, मांजराचा काय दोष. तिसऱ्या दिवशी दातओठ खात माफीचा मेसेज टाकला. त्याच संध्याकाळी बाईंनी जुनी बातमी आणि अहवाल ग्रुपवर टाकला. रविवारी बाराच्या आत माझा ओटा रिकामा झाला, आणि शेवटची दोन पापलेटं त्या चिकनवाल्यानं नेली.

सेक्रेटरी मात्र दोन वर्षं आपल्या मेसेजबद्दल चकार शब्द बोलला नाही. मीही विसरले नाही.

गेल्या आठवड्यात त्याच्याच विरुद्ध मेसेज आला. गैरकारभारामुळे त्याला पदावरून काढल्याचं सहकार खात्याचं सहीशिक्क्याचं पत्र. किती जणांना पाठवू असं झालं मला. पण बाईंनी लावलेली सवय... आधी त्या खात्याचं संकेतस्थळ उघडलं, पत्राचा क्रमांक टाकला. क्रमांक भलत्याच सोसायटीचा. मी त्याला फोन केला. "पत्र खोटं आहे. त्या क्रमांकाचा खरा आदेश पाठवते, ग्रुपवर टाका."

तो म्हणाला, "तुम्ही सांगताय हे?"

"जोशीबाई सांगतायत."

काल तो ओट्यावर आला. चार बायकांसमोर म्हणाला, "तेव्हा मी न बघता पाठवलं, हेमाताई. चुकलं माझं." मी सुरमई तोलली, पण भाव काही कमी केला नाही.