स्नो स्कूटरची खांदशेकणी

"भाऊ, उतरा. गाडी तापली."

"कौसल्याकाकू, बर्फावरची गाडी तापंल कशी?"

दिगंबरभाऊ काही उतरेनात. ऐन वैशाख. लॉनच्या हिरवळीवर त्यांची स्नो स्कूटर, स्कूटरवर ते, अंगात मनालीहून आणलेलं फुगीर जॅकेट, डोळ्यांवर गॉगल. समोर त्यांचे मेहुणे फोन धरून व्हिडिओ काढत होते. गाडीच्या पोटातून वाफ निघत होती आणि रबर जळाल्याचा वास यायला लागला होता. शेवटी मीच हात घालून किल्ली बंद केली.

आता ही गाडी शेलूबाजारात आली कशी, ते आधी सांगते. दिगंबरभाऊंचं हायवेला लग्नाचं लॉन आहे. आमच्याकडे नवरदेव जेसीबीत बसून आले, क्रेनला लटकून आले, एक तर मळणीयंत्रावर उभा राहून आला. भाऊंना काही तरी नवीन पाहिजे होतं. मनालीला फिरायला गेले, तिथं बर्फावर टुरिस्ट लोकांना फिरवतात ती गाडी पाहिली, आणि एक जुनी तिथल्याच माणसाकडून विकत घेतली. सफरचंदाच्या ट्रकमध्ये पेट्यांच्या मागं बसून ती आली. उतरवली तेव्हा बघायला अर्धं गाव जमलं होतं.

माझं गॅरेज त्याच हायवेला. ट्रॅक्टर, मळणीयंत्र, फवारणीचे पंप. शिकले कुठं विचाराल, तर आधी मालकांच्या, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या, हाताखाली, आणि मालक चहाला गेले की एकटी. ते चहाला फार जायचे. आता ते नाहीत, पण गॅरेज आहे. पुस्तकातलं कमी येतं, पण बोल्ट हाताला कळतो. या गाडीचं मात्र मलाही काही माहीत नव्हतं. मनालीच्या त्या विकणाऱ्याला फोन लावला. तो भला माणूस. हिंदीतून सगळं समजावलं. मग विचारलं, "आपके यहाँ बर्फ कब गिरती है?" मी म्हटलं, "रशीदभाई फॅक्टरी से लाते हैं तब."

तर गाडी अशी. पुढं दोन घसरपट्ट्या, त्यांना स्की म्हणायचं. हँडल फिरवलं की त्या वळतात. मागं चाक नाही, तर रबराचा एक रुंद पट्टा, रणगाड्याला असतो तसा. त्याला ट्रॅक म्हणतात. ट्रॅकवर रबराचे आडवे उंचवटे असतात, ते बर्फात रुतून गाडी पुढं ढकलतात. इथपर्यंत सोपं आहे. खरी गोम पुढं. मोटारीला तोंडाशी रेडिएटर असतो, वारा लागून त्यातलं पाणी गार होतं. या गाडीचं पाणी गार करायची नळी असते ट्रॅकच्या वर, पोटाला चिकटून. ट्रॅक फिरला की बर्फाचा चुरा उडून तिच्यावर बसतो आणि इंजिन गार राहतं. ट्रॅक आतून ज्या प्लॅस्टिकच्या पट्ट्यांवर घसरतो, त्यांना वंगणही बर्फाचंच. थोडक्यात, बर्फ नाही तर गाडी नाही.

मी हे भाऊंना सांगितलं. त्यांनी जॅकेटची चेन खाली ओढली.

"मले वाटलं, ही गाडी गारवा देते."

"नाई भाऊ. हे गारवा मागते."

तोपर्यंत भाऊंचे वडील, आबा, काठी टेकत आले. गाडीनं दोन चकरांत हिरवळ उलटी करून टाकली होती. आबांनी वाकून मातीत पडलेले ते तास पाहिले, माती चिमटीत घेतली आणि म्हणाले, "चांगलं नांगरते. पेरणी करून घ्या."

मग ठरलं की दिवाळीनंतर, थंडीत, बर्फाच्या लाद्या अंथरून गाडी चालवायची. पहिली एन्ट्री भाऊंच्या स्वतःच्या मुलीची, रोहिणीची. तोवर गाडी नीट ठेवायची जबाबदारी माझी. मी म्हटलं, गॅरेजमध्ये आणा. भाऊ म्हणाले, "काहून? लोकाईले वाटंल बिघडली." म्हणून लॉनच्याच गोदामात ठेवली, मंडपाच्या कापडाच्या आणि तांदळाच्या कोठीच्या शेजारी.

गाडी साठवणं म्हणजे झाकून ठेवणं नाही, बरं का. पेट्रोल महिनोन्‌महिने राहिलं की चिकट होतं, म्हणून कार्बोरेटर रिकामा केला. स्पार्क प्लग काढून त्या भोकातून इंजिनात तेल सोडलं, आत गंज धरू नये म्हणून. रबर एकाच जागी दबून राहू नये म्हणून लोखंडी घोडी बनवून गाडीचा मागचा भाग उचलून ठेवला, ट्रॅक जमिनीपासून वर, आणि त्याचा ताण सैल केला. इंजिनाची ताकद ट्रॅकला देणारा बेल्ट काढून उंच खिळ्याला टांगला. सायलेन्सरच्या तोंडाला जाळी लावली, कारण उंदरांना तशी जागा फार आवडते. वरून धुतलेलं सुती कापड टाकलं. प्लॅस्टिक नाही. प्लॅस्टिकखाली ओल धरते. भाऊंना म्हटलं, आता हिला कोणी हात लावायचा नाही.

"कोन लावते?" भाऊ म्हणाले.

तुळशीची लग्नं लागली आणि भाऊ गॅरेजला आले.

"जयभीम काकू."

भाऊंचं अडलेलं काम असलं की आधी जयभीम येतो. मी पाना खाली ठेवला.

"लग्न जवळ आलं. व्याही वाशीमचे, तुमाले ठाऊक हाये. त्याईले सांगून ठेवलं, आमची पोरगी बर्फातून येते म्हनून. तर ते चारचौघांत हसले. म्हने, शेलूबाजारात बर्फ फक्त रसवंतीत दिसते. आता काय बी करा, पन गाडी चालली पायजे."

गोदाम उघडलं. कापड खाली पडलेलं. गाडीच्या अंगावर बैलाची झूल, आरशाच्या तुकड्यांची. झूल उचलली तर सीटच्या स्पंजात उंदराचं पूर्ण बिऱ्हाड. वायरी अशा कुरतडल्या होत्या की तांब्याच्या नुसत्या मिश्या उरलेल्या. ट्रॅकचे उंचवटे कडेनं खाल्लेले, पुरणपोळीची कड खावी तसे. बेल्ट तेवढा खिळ्यावर सुखरूप.

भाऊंचा आवाज चढला. "काकू, हे तुमचं स्टोरेज? तुमच्या भरवशावर ठेवली होती मी!"

मंडपवाले, आचारी, सगळे दारात जमले. हरभऱ्याच्या पेरणीचे दिवस, गॅरेजसमोर ट्रॅक्टरची रांग होती. कौसल्याबाईच्या हातात दिलेली गाडी उंदरानं खाल्ली, एवढं एक वाक्य बाहेर गेलं की ती रांग शेजारच्या मालेगावला वळायला वेळ लागला नसता. मी खाली बसले. ट्रॅकवरून बोट फिरवलं. बोट पिवळं झालं. वास घेतला. हळद. आणि तूप.

"भाऊ, आबा कुठी हायेत?"

आबा ओसरीवर होते. मी विचारलं, "आबा, गाडीले तूप कोन लावलं?"

"मी लावलं," आबा म्हणाले. अगदी खुशीत. "पोयाच्या आदल्या दिशी. खांदशेकनी केली."

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे बैलांचे खांदे शेकतात. वर्षभर जू वाहून दुखलेल्या खांद्यांना कोमट तूप आणि हळद पळसाच्या पानानं चोळतात, आणि बैलाला दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आवतन देतात. आबांनी जन्मभर हे केलं. बैल विकले तेव्हापासून त्यांचे हात रिकामे होते.

"अहो बाबा, ते मशीन हाये!" भाऊ कळवळले.

"मंग? नांगरते का नाई? म्या माझ्या डोयानं पाह्यलं. जो नांगरते त्याचे खांदे शेकले पायजे. खांदे काई सापडले नाई, म्हनून पट्ट्याले लावलं. झूल टाकली. काकूचं ते पांढरं फडकं सनाच्या दिशी बरं दिसत नव्हतं."

"आणि आवतन?" मी विचारलं.

"देल्लं ना. आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. दुसऱ्या दिशी पुरनाची पोयी नेऊन ठेवली सीटावर. सकाई पाह्यलं त साफ." आबा समाधानानं म्हणाले, "खाल्ली त्यानं."

आवतन गाडीला दिलं होतं, जेवायला उंदीर आले. पोळी खाल्ली, तूप चाटता चाटता रबर खाल्लं, आणि मग पाहुणे राहूनच गेले. दारातला आचारी तोंडावर रुमाल धरून हसत होता. भाऊ कोणाला बोलणार? बाप. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि परत एकदा जयभीम घातला.

मालेगावहून रशीदभाईंना बोलावलं. ते ऑटो इलेक्ट्रिशियन, आणि त्यांच्या भावाचा बर्फाचा कारखाना. एकाच घरात दोन्ही कामं. वायरिंग बघून ते म्हणाले, "ताई, हे वायरिंग नाई, शेवई हाये."

"जमंल का?"

"ऑटोरिक्षाच्या वायरी टाकतो. चालंल. पन मीटर लावनार नाई हं."

त्यांनी वायरी टाकल्या. मी सोड्याच्या गरम पाण्यानं ट्रॅक घासून तूप काढलं, बेल्ट चढवला, ताण दिला. इंजिन सुरू झालं. रोहिणी येऊन बघून गेली. "काकू, मी स्वतः चालवीन," म्हणाली. मी म्हटलं, चालव, पन हळू. पण मनातली शंका भाऊंना सांगूनच टाकली. "उंचवटे खाल्लेले हायेत. मातीत चाललं असतं. लादीवर पकड धरंल का, सांगता येत नाई."

"मातीत नको काकू. बर्फच पायजे. मी शब्द देल्ला."

लग्नाच्या दिवशी गोरज मुहूर्त होता. रशीदभाईंच्या टेम्पोतून लाद्या उतरल्या, प्रवेशद्वारापासून स्टेजपर्यंत अंथरल्या, वर बर्फाचा चुरा पसरला. व्याही फेटा बांधून पहिल्या रांगेत, पायावर पाय टाकून बसले. मी माईक मागून घेतला आणि सांगितलं, गाडीच्या मागं कोणी उभं राहू नका. आपल्याकडे असं सांगितलं की काय होतं, तुम्हाला माहीत आहे. पुढचे सगळे फोन घेऊन मागं गेले. व्याहीसुद्धा उठले. गाडी चालत नाही ते त्यांना जवळून पाहायचं होतं. मी सगळ्यांना ओरडून ओरडून लांब सरकवलं, तेवढंच हातात होतं.

रोहिणी शालू सावरून बसली. किल्ली फिरवली. इंजिन गरजलं. तिनं हँडलवरचा वेगाचा लिव्हर दाबला. ट्रॅक फिरला.

गाडी जागची हलली नाही.

ट्रॅक जिथल्या तिथं गरागरा फिरत होता. दिगंबरभाऊ घामानं भिजले. "दाब पोरी, अजून दाब!" पोरीनं दाबला. उंदरांनी खाऊन धार आणलेल्या त्या उंचवट्यांनी खालची लादी किसायला सुरुवात केली, आणि सगळा कीस मागं, वर, हवेत. लॉनच्या लाइटमध्ये तो पांढरा चुरा भुरभुर खाली यायला लागला. बायकांच्या केसांवर, पंगतीच्या टेबलांवर, व्याह्यांच्या फेट्यावर, खांद्यावर, मिश्यांवर.

बँड थांबला. सगळे व्याह्यांकडे बघायला लागले. व्याही वर आभाळाकडे बघत होते. हात पसरले, तळहातावर बर्फ पडू दिला, आणि जिभेनं चाखून पाहिला.

"दिगंबरभाऊ," ते म्हणाले, "पडून राह्यला ना बाप्पा! खरंच बर्फ पडून राह्यला!"

मग कसली एन्ट्री आणि कसलं काय. म्हातारे लेकरांसारखे नाचले. रोहिणी लाद्या संपेपर्यंत बर्फ पाडत बसली आणि शेवटी चालत स्टेजवर गेली. गाडी कोणाला चालवून दाखवायची होती, हे कोणाच्या लक्षातही राहिलं नाही. इंजिन मात्र त्या दिवशी जरासुद्धा तापलं नाही. त्याला हवं ते मिळालं होतं.

आता त्या गाडीला हंगामभर मागणी आहे. चालवायला नाही, बर्फ पाडायला. स्की काढून टाकल्या. साठवणीसाठी मी जी लोखंडी घोडी केली होती, तिच्यावरच गाडी कायमची बसवली आहे. मागं जाड जाळी ठोकली, म्हणजे दगड-बिगड उडायला नको. पुढून लादी सरकवायची, मागून बर्फ घ्यायचा. व्याही वाशीममध्ये सांगत फिरतात की शेलूबाजारची हवाच वेगळी. भाऊ लोकांना सांगतात की हे त्यांनी आधीपासूनच ठरवलं होतं. माझ्या गॅरेजसमोरची रांग कुठं वळली नाही, त्यामुळे मी त्यांना खोटं पाडत नाही.

मनालीवाल्याला फोन करून सगळं सांगितलं. त्यानं सगळं परत एकदा सांगायला लावलं. मग म्हणाला, "गाडी में ट्रॅक नया डलवा लो." मी म्हटलं, अजिबात नाही. उंदरांनी जी धार काढली, ती माझ्या ग्राइंडरनं निघणार नाही.

गाडी साठवायची तर पेट्रोल काढा, तेल सोडा, बेल्ट टांगा, हे कोणीही सांगेल. घरात कोणाचे हात रिकामे आहेत, ते आधी पाहून घ्यावं, हे मनालीवाल्यानं सांगितलं नव्हतं. ते मी शिकले. परवाच्या पोळ्याला आदल्या दिवशी मी स्वतः आबांकडे गेले, त्यांच्या हातात ग्रीसगन दिली आणि कुठं कुठं ग्रीस भरायचं ते दाखवलं. त्यांनी एकेका सांध्याला मन लावून ग्रीस भरलं. काम चोख झालं.

फक्त आवतन देऊ नका म्हटलं. तेवढं त्यांनी ऐकलं नाही. म्हणून दुसऱ्या दिवशीची पोळी मीच जाऊन खाऊन आले.