आठवी खुर्ची

वेल्डा क्रॅबट्री अकरा वर्षं एकाच पदवीला चिकटून होती. जनरल स्टडीज. थोडा इतिहास, थोडं मानसशास्त्र, एका उन्हाळ्यात मातीची भांडी. संध्याकाळी जो विषय मिळेल तो घ्यायचा. टेकडीवरच्या त्या लहानशा कॉलेजात निवडीला वाव नव्हता. आता एकच विषय उरला होता, प्रयोगशाळेसह विज्ञान. तो तीनदा रद्द झाला होता. आठ विद्यार्थी भरले नाहीत तर कॉलेज वर्ग चालवत नसे.

दिवसा ती टर्की पक्ष्यांचं मांस कापणाऱ्या कारखान्यात सरकत्या पट्ट्यापाशी उभी राहून सुरीने हाडांवरून मांस सोडवायची. चौदा वर्षांत उजव्या हाताची मूठ वळेनाशी झाली. जानेवारीत कारखान्यातच तपासनिसाची, टेबलावरची जागा रिकामी होणार होती. अट एकच, पदवी हवी, कसलीही. नाहीतर सुरी होतीच.

यंदा विज्ञान म्हणून भूशास्त्र होतं आणि तिला धरून सात जण झाले. साठी ओलांडलेल्यांना फी नव्हती, म्हणून तिने नवऱ्याला गळ घातली. अर्विनने छत्तीस वर्षं चुनखडीच्या खाणीत काढलेली. दगड शिकायला शाळेत जाणारा आपण पहिलाच गाढव, असं तो म्हणाला. दुसऱ्या गुरुवारी हजेरी मोजून ऑफिसात पाठवतात, तेवढ्यापुरता ये, असं तिने समजावलं. तो आला.

त्या दुसऱ्या गुरुवारी शिकवणाऱ्या ॲबर्नाथी बाईंनी सगळ्यांना दगड फोडायला हातोडे दिले. बाई नातीच्या वयाच्या. अर्विनपाशी येऊन त्यांनी त्याची मूठ दांड्यावर वर सरकवली आणि बोटं सांभाळा म्हणाल्या. अर्विनने हातोडा खाली ठेवला, टोपी उचलली आणि बाहेर पडला. हजेरी मधल्या सुट्टीनंतर होती. सुट्टी दहा मिनिटांची.

वेल्डा मागोमाग गेली. तो गाडीत बसून होता, इंजिन चालू.

"त्या पोरीनं मला हातोडा धरायला शिकवला," तो म्हणाला.

"मला दर वर्षी कुणीतरी सुरी धरायला शिकवतं. मी हो म्हणते."

"तुला त्याचा पगार मिळतो."

तिने दाराची मूठ धरली. बोटं वळली नाहीत. तिने हात बदलला आणि डाव्या हाताने दार उघडलं. अर्विन बघत होता.

"इतकं झालंय?"

"मग बरणीची झाकणं तुझ्याकडे कशाला देत होते?"

दोन वर्षं तो झाकणं उघडून देत होता. कधी विचारलं नव्हतं. त्याने इंजिन बंद केलं.

"मोजणी झाली की मी मोकळा?"

"मोकळा."

दोघं वर्गात परतले आणि बाईंनी नावं घेतली. आठ. कागद ऑफिसात गेला. वेल्डाने त्याला दाराकडे मान हलवून खूण केली.

अर्विन उठला नाही. त्याच्यापुढचा दगड अर्धाच फुटलेला होता. त्याने हातोडा बाईंनी सांगितला तसा धरला, एक घाव घातला, मग आपल्या सवयीने धरून दुसरा. दगड सरळ रेषेत उघडला. बाई थांबून बघू लागल्या.

"अर्धं काम टाकून मी कधी उठलेलो नाही," तो वेल्डाला म्हणाला. "परीक्षा कधी असते?"

"डिसेंबरात."

"म्हणजे चौदा गुरुवार. अडकवलंस मला."

"मी अकरा वर्षं अडकलेय," ती म्हणाली.

चौदा गुरुवार, आणि त्यांच्या मध्ये सत्तर दिवस सुरी. सकाळी सहाला पट्टा सुरू होणार होता. तिने डाव्या हाताने वहीत तारीख लिहायला घेतली.