नूडल्सनंतरचं उत्तर

बँकॉकमधल्या एका नूडल्सच्या दुकानाच्या माडीवर, दोन टेबलांवर दरुणीची सल्लागार कंपनी सुरू झाली. नवी गाडी लोकांना पसंत पडेल का, हे लोकांना विचारून मोटार कंपन्यांना सांगायचं, एवढाच धंदा. पण आमच्या थाई माणसांना तोंडावर नाही म्हणवत नाही. समोरच्याचं मन मोडेल ना! म्हणून प्रश्न संपले की दरुणी सगळ्यांना खाली नेऊन नूडल्स खायला घालायची, आणि खाता खाता खरं बाहेर पडायचं. त्या खऱ्यावरच कंपनी वाढली. जकार्ता झालं, हनोई झालं. वाढता वाढता जेवण मात्र सुटलं. भागीदार अनुचानं सगळं टॅबलेटवर आणलं. वेळ वाचतोय म्हणून दरुणीनंही ते चालवून घेतलं.

आता काचेच्या छताची एक गाडी आली होती. टॅबलेटवर जो तो खूश. ती खुशीच दरुणीला खुपत होती. अहवाल द्यायच्या आदल्या दुपारी तिनं त्यातल्याच काही जणांना जेवायला बोलावलं. वाटी रिकामी होत आली तेव्हा एक शिक्षिका हळूच म्हणाली, "गाडी छानच आहे हो. पण नव्या गाडीच्या छताला आतून भन्ते आशीर्वादाचे ठिपके काढतात, ते काढणार कुठं? छताला काच. आतला पडदा सरकवला की पुसलेच. ठिपक्यांशिवाय पोरांना कशी बसवू?"

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

"अहो, बिचाऱ्यांनी इतक्या हौसेनं बनवलीय!"

सगळ्यांनी माना डोलावल्या.

"ताई, डोकं ठिकाणावर आहे का?" अनुचा संध्याकाळी भडकला. "उद्या हे बोललात तर काम जाईल. हनोईला टाळं लागेल. पोरं नेमून बसलोय आपण तिथं!"

तरी दुसऱ्या दिवशी दरुणीनं मोटार कंपनीच्या मिझोगुचींसमोर सगळं सांगितलं. आकडे चुकले, चूक माझी, हेही सांगितलं.

मिझोगुचींनी कागद नीट घडी करून ठेवला. मग हसून म्हणाले, "फार छान. मोलाची माहिती आहे. जरूर विचार करू."

अनुचाचा जीव भांड्यात पडला. दरुणीचा नाही. हे हसू ओळखण्यावरच तर तिनं आयुष्य काढलं होतं. लिफ्टपाशी तिनं त्यांना गाठलं.

"साहेब, जेवलात का?"

नूडल्सच्या त्या जुन्या दुकानात तिघं बसले. मिझोगुचींनी अख्खी वाटी संपवली. काड्या खाली ठेवल्या, पण नजर वर उचलेना.

"साचे तयार झालेत, बाई. छत आता बदलत नाही. आम्हाला वरच्यांना दाखवायला तुमचा होकार हवा होता. पुढचं काम तुम्हाला मिळणार नाही. मघाशी हे सांगवलं नाही मला."

अनुचाचा घास तोंडातच राहिला. दरुणीचे डोळे भरून आले. तिनं मिझोगुचींच्या वाटीत आणखी रस्सा वाढला.

"अनुचा, उद्याचं हनोईचं तिकीट काढ माझं."

"फोनवर सांगा ना, ताई. जाऊन काय करणार?"

"आधी पोरांना जेवायला घालीन," ती म्हणाली.