दोघींत एक इअरफोन

लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात नवऱ्याने माझा रेडिओ भिंतीवर आपटला. मुरगूडहून, माहेरचा म्हणून तेवढाच मी आणला होता. त्याने हाक मारली आणि मला ती ऐकू आली नाही, एवढंच कारण. तुकडे गोळा करायला वाकले तर पाठीत लाथ बसली. सासू समोर बसून पैंजणांना घुंगरं लावत होती. तिने मान वर केली नाही.

हुपरीत घरोघरी चांदीचं काम. आमच्याकडे नवरा तार ओढायचा, मी गॅसच्या बर्नरने कड्या जोडायची. हात सकाळपासून गुंतलेले आणि कान मोकळे. रेडिओ गेल्यावर त्या कानांत फक्त त्याच्या शिव्या पडायच्या. त्याचा हात कशावरून उठेल याचा नेम नसायचा. एकदा कडी नीट बसली नाही म्हणून त्याने तापलेला चिमटा माझ्या दंडावर टेकवला आणि मी ओरडेपर्यंत काढला नाही.

सासूला साखरेचा आजार होता. टाचेची जखम भरत नव्हती, म्हणून दर सोमवारी मी तिला एसटीने कोल्हापूरला, शिवाजी पेठेतल्या एका डॉक्टरांकडे पट्टी बदलायला न्यायची. दवाखान्याच्या खालीच नेट कॅफे होता. तो चालवणाऱ्या बाई एकट्या राहायच्या, स्वभावाने करड्या. एका सोमवारी माझा ओठ फाटून सुजला होता. सासू वर पट्टी बदलून घेत होती; मला पायरीवर उभी बघून त्यांनी आत बोलावलं आणि पाणी दिलं.

"कशानं झालं?" असं त्यांनी विचारलं नाही. म्हणाल्या, "मशीन रिकामं हाय. काय बघायचंय का?"

"बघायचं न्हाय. ऐकायचं हाय," मी म्हणाले.

त्यांनी माझ्या डोक्यावर हेडफोन चढवला. इंग्रजी शिकवणारे धडे त्यांनी शोधून दिले. एक माणूस अगदी सावकाश बोलायचा, मग थांबायचा, आपण म्हणावं म्हणून. लाइन मंद होती. वाक्य अर्ध्यावर अडकायचं, मग पुन्हा सुरू व्हायचं. बारावीनंतर माझं शिक्षण लग्नाने तुटलं होतं. त्या माणसाच्या मागोमाग ओठ हलवताना जखम पुन्हा उघडली आणि रक्त हनुवटीवर आलं. मी पदराने पुसलं आणि पुढचं वाक्य म्हटलं.

पुढे बाईंनी मला त्यांचा बोटाएवढा प्लेअर धडे भरून, इअरफोनसकट दिला. "पुढच्या सोमवारी आणा, दुसरं भरून देते."

घरी इअरफोनची तार पदराखालून घ्यायची, केसांत दडवायची आणि कड्या जोडायच्या. नवरा माल द्यायला बाहेर गेला की तेवढा वेळ माझा. सासूने मला पकडलं ते अशाच एका दुपारी. तिने माझ्या कानातलं बोंड ओढून काढलं. आता हे लेकाला सांगणार, असं मी धरूनच चालले. तिने ते स्वतःच्या कानाला लावलं, बराच वेळ ऐकलं.

"कायबी कळंना," ती म्हणाली. "आपल्यातलं न्हाय व्हय ह्यात?"

मग सोमवारी कॅफेत आम्ही दोघी शोधायला लागलो. त्या वेळी मराठीत फार काही मिळायचं नाही. इंग्रजी अक्षरांत 'कथा' लिहायचं, 'कीर्तन' लिहायचं, कधी स्पेलिंग बदलून बघायचं. बरेचदा पान उघडायचंच नाही. शेवटी परदेशात राहणाऱ्या कुणा मराठी माणसाने हौसेने वाचून ठेवलेल्या गोष्टी सापडल्या. मागे त्याच्या घरातलं लहान मूल रडताना ऐकू यायचं. सासू म्हणायची, "आदी त्या लेकराला घे की बाबा." घरी एक बोंड तिच्या कानात, एक माझ्या. लग्न होऊन आल्यापासून आम्ही दोघी प्रथमच एका गोष्टीवर हसलो.

आणि त्याच हसण्याने घात केला. नवरा लवकर परतला होता. माझ्या कानातून लोंबणारी तार त्याने पाहिली.

"कुणासंगं बोलाय लागलीस?"

"बोलत न्हाय. गोष्ट लावलीया," मी म्हणाले.

त्याने प्लेअर हिसकला, पायाखाली चिरडला. पत्रा ठोकायची लाकडी मोगरी जवळच होती. ती माझ्या डाव्या कानावर बसली. दुखलं नाही, आधी नुसती शिट्टी वाजली. मानेवरून गरम काहीतरी ओघळलं. त्याने पुन्हा मोगरी उचललेली दिसली, पण तो काय ओरडतोय ते ऐकू येईना.

सासूने पेटता बर्नर उचलला आणि त्याची ज्योत लेकाच्या हातावर धरली. करपलेल्या केसांचा वास आला. मोगरी पडली. त्याने तिला ढकलून खाली पाडलं, तिच्या पट्टी बांधलेल्या टाचेवर लाथ घातली. तिने बर्नर सोडला नाही. पडल्या पडल्या तिने तो पुन्हा त्याच्याकडे वळवला, तेव्हा तो हात धरून नळाकडे पळाला.

"ऊठ," ती मला म्हणाली. ते मला उजव्या कानाने ऐकू आलं.

एसटीत लोक बघत होते. तिची पट्टी रक्ताने भिजली होती, माझं पोलकं खांद्यापासून लाल झालं होतं. सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मी सवयीने म्हणाले, "पडले."

"पडली न्हाय," सासू म्हणाली. "माझ्या पोरानं मारलीया. मोगरीनं. तसं लिवा."

"आजी, मग हे पोलिसात जाईल."

"जाऊ दे की."

कानाचा पडदा फाटला होता. डाव्या बाजूने मला पुन्हा ऐकू आलं नाही. माहेरी वडील म्हणाले, "भांडण घरात मिटवायचं असतंय." म्हणून मी मुरगूडला राहिले नाही. कॅफेवाल्या बाईंनी काम दिलं आणि मागची खोलीही दिली. सासू हुपरीत तिच्या भावाकडे राहायला गेली.

नवरा एकदा कॅफेतही आला. खुर्ची उचलून त्याने एका कॉम्प्युटरचा पडदा फोडला, मला केसाला धरून रस्त्यावर ओढलं. बाईंनी कीबोर्ड त्याच्या तोंडावर हाणला. शेजारच्या तालमीतले गडी धावत आले आणि त्यांनी त्याला इतकं मारलं की त्याचे पुढचे दात फुटपाथवर पडले. तो हात जोडत होता, ते थांबत नव्हते. मला वाटलं होतं, हे बघून बरं वाटेल. मीच मधे पडून त्यांना थांबवलं, त्यात कुणाचं तरी कोपर मला लागलं.

"ताई, तुमीच का आडवताय?" एक जण चिडून म्हणाला.

कोर्टात सासूने माझ्या बाजूने साक्ष दिली. फारकत झाली. नवऱ्याने दुसरं लग्न केलं, आणि ती बायकोही काही महिन्यांत निघून गेली, असं ऐकलं. मी राहिलेलं कॉलेज बाहेरून पुरं केलं. आता पेठेतल्या पोरींना इंग्रजी शिकवते, आणि वर्गाच्या सुरुवातीला त्यांना धडे कानाने ऐकायला लावते, पुस्तक मग.

त्या वर्षांत सासू सोमवारी पट्टी बदलून झाली की कॅफेत यायची. कोपऱ्यातलं मशीन तिच्यासाठी मोकळं ठेवलेलं असायचं. मी गोष्ट शोधून द्यायची, ती हेडफोन हातात धरून आधी विचारायची, "ह्यात कुणी कुणाला मारतंय का?"

"व्हय आत्या, थोडं हाय."

"मग दुसरं बघ."

अशी गोष्ट शोधायला वेळ लागायचा. ती बसून राहायची.