इस्त्रीमास्तर आणि खताचा ढीग

लॉन्ड्रीतून निवृत्त झालेले इस्त्रीमास्तर घरात दिवसभर धुसफुसू लागले, तेव्हा मुलीने त्यांचं नाव वस्तीतल्या खत-मंडळात घातलं. "कचरा चिवडायला?" म्हणून त्यांनी नाक मुरडलं, पण गेले, आणि तिथेही मास्तरकी गाजवू लागले. खाली सुकी पानं, वर भाजीचा कचरा, त्यावर शेण, मग पाणी. मूठभर कचरा दाबला की दोनच थेंब पडायला हवेत. माणूस हट्टी, पण कामाला चोख.

ढीग छातीइतका झाला. मंडळ चालवणाऱ्या नर्सबाईंनी त्यात लोखंडी सळई खुपसली. "चौथ्या दिवशी काढून धरायची. चटका बसला तर ढीग तापला. नाहीतर मोडून पुन्हा रचायचा."

"ते माझ्याकडे द्या. तीस वर्षं इस्त्री हातानेच जोखलीय."

या बढाईखाली एक जुनं दुखणं होतं. दोन वर्षांपूर्वी मास्तरांच्या टेबलावर गिऱ्हाईकाचा रेशमी कोट जळाला. इस्त्री मी हात लावून पाहिली होती, कोमट होती, असं त्यांनी मालकाला शपथेवर सांगितलं. बटण शेजारच्याने फिरवलं असणार, असंही म्हणाले. शेजारचा म्हणजे वीस वर्षांचा दोस्त. मालकाने त्याला त्याच दिवशी काढलं. मास्तर खोटं बोलले नव्हते, हीच तर पंचाईत.

चौथ्या दिवशी मास्तरांनी सळई उपसून मुठीत धरली. "गार आहे. मोडा."

फावडी चालली, आणि ढिगातून भसकन वाफ निघाली. नर्सबाईंनी सळई ओढून घेतली आणि ओरडून फेकून दिली. मग मास्तरांचा तळवा उघडला. लालबुंद. बाईंनी पदराची पिन काढून मास्तरांचं बोट पुढे घेतलं. "दुखतंय?"

"आधी टोचा तर!"

"टोचलंय, मास्तर. तीनदा."

हाताला पट्टी बांधून मास्तर तडक दोस्ताकडे निघाले. तो एका इमारतीचे जिने पुसत होता. दोन वर्षांत केस पार पांढरे झाले होते.

"माझ्या हातालाच काही कळत नाही रे," मास्तर म्हणाले. "मला आज समजलं."

दोस्ताने फडका बादलीत पिळला. "मला तेव्हाच माहीत होतं. वर्षभर तुझ्या इस्त्रीचा ताप मीच तर बघत होतो."

"मग मालकाला सांगायचंस!"

"तुला काढलं असतं," तो म्हणाला. "त्या दिवशी मी जरा चहाला गेलो होतो, तेवढंच."