अळंबीची जागा

वाळवी म्हटलं की लोकांना पोखरलेली चौकट आठवते. मला डोकी आठवतात. कामकरी वाळव्या सगळ्या सारख्याच दिसतात. जात ओळखायची तर शिपाई हवा. त्याच्या डोक्याचा आकार, जबड्यावरचा दात, तो दात नेमका कुठे, यावर सगळं ठरतं. जमिनीखाली बुरशी पिकवून खाणाऱ्या वाळव्या हा माझ्या पीएचडीचा विषय. शहापूर-मुरबाडात त्यांच्या किती जाती सापडतात, ते मला दाखवायचं होतं. म्हशापासून आटगावपर्यंत वारुळं पालथी घातली. एक जात राहिली, आणि ती नेमकी वारूळ बांधत नाही. पावसाळ्यात तिच्या घरट्यावर अळंबी उगवते, तेवढीच तिची खूण.

आता अळंबीची जागा आमच्या सापगावात कुणी सख्ख्या भावालाही सांगत नाही. सासूबाई श्रावणात उजाडता उजाडता एकट्या जायच्या आणि टोपली पदराखाली झाकून आणायच्या. पोटभर वाढायच्या, पण जागा विचारली की त्यांना ऐकूच यायचं नाही. काम पुरं झाल्याशिवाय परराज्यातली नोकरी पक्की होणार नव्हती आणि नोकरीशिवाय त्या घरातून माझी सुटका नव्हती. नवराही निघायला तयार होता; सासूबाईंना सांगायची दोघांचीही छाती नव्हती. माझा जीव नुसता कोंडला होता. मी भांडी आदळायचे.

यंदा श्रावणात त्यांचे गुडघे धरले. एका सकाळी त्यांनी मलाच हाक मारली, "चल गो."

शेतामागच्या रानात, एका सागाखाली, पांढऱ्या छत्र्यांचा ताटवाच उगवला होता.

"खंदायचा नाय हां. खंदलास तर पुढल्या साली काय उगवनार नाय."

मी नखानं माती जराशी उकरली. कामकरी पळाल्या आणि एक शिपाई माझ्या बोटाला डसला. खिशातल्या भिंगाखाली त्याचा दात दिसला. हीच ती! मी आनंदानं ओरडलेच.

"गावला ना तुजा शिपाई?" सासूबाई हसल्या. दगडावर बसून त्यांनी टोपली माझ्याकडे सरकवली. "माज्या सासूनं ही जागा मला दावली, तवा म्हनली, घर आता तुज्या हाती. आज मी तुला दावली. पुढल्या साली तू एकटी ये."

"येईन," मी म्हणाले, आणि त्यांना माझं तोंड दिसू नये म्हणून अळंबी खुडायला खाली वाकले.