पाय-मुंडीचा नैवेद्य

माझ्या सासूबाई राग धरतात तो लोणच्यासारखा, वर्षभर मुरवून खायला. एका लग्नात कुणी बाई त्यांना हळदीकुंकू लावायला विसरली, तर तिच्या नातवाच्या बारशालाही त्या गेल्या नाहीत. मी दापोडीची, रेल्वेलाइनच्या कडेच्या गल्लीत वाढलेली. आमच्याकडे भांडण सकाळी नळावर व्हायचं आणि दुपारपर्यंत त्याच बाईकडून विरजण मागून आणायचं. त्यामुळे लग्न होऊन इथे आले तेव्हा सासूबाईंचा, म्हणजे सोजरबाईंचा, राग बघून मी हबकलेच. पुढे मला तो आवडायला लागला, हेही सांगून टाकते.

आमचं गाव चाकणच्या अलीकडे. चारी बाजूंना कंपन्या, गोदामं, कामगारांच्या बसगाड्या आणि मधे उरलेला थोडा ऊस, थोडा कांदा. त्या उसात बिबट्या राहतो. माझा नवरा नवनाथ त्याला बिबट्या म्हणतो, कंपनीतली पोरं लेपर्ड म्हणतात, पण आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, त्याचं नाव घेत नाहीत. त्यांच्या तोंडी तो 'थोरला'. बिबट्या काय, वाघ काय, त्यांच्या हिशेबी सगळा एकच वाघोबा.

त्या वाघोबाचा दगड आमच्या बांधावर बोरीखाली होता. वर चंद्रसूर्य, खाली शेंदरानं इतका भरलेला वाघ की सांगितल्याशिवाय तो डुक्कर आहे की वाघ हे कळू नये. दिवाळीच्या तोंडावर वाघबारशीला त्याला बाजरीच्या भाकरीचा गुळाचा मलिदा, नारळ आणि कोंबडी द्यायची. पहिला नैवेद्य आमच्या घरच्या थोरल्या सुनेच्या हातचा. हा मान आत्यांना त्यांच्या सासूकडून आलेला. थोरल्याला त्याचा वाटा हातानं दिला की तो वर्षभर गोठ्याकडे बघत नाही, आणि बघितलंच तर जे नेलं तो त्याचा वाटा समजायचा. त्याच्यासाठी रडायचं नाही आणि त्याला शिव्या द्यायच्या नाहीत, असा घरचा रिवाज.

आत्यांचे धाकटे दीर अर्जुनराव. गळ्यात जाड साखळी, पांढरी गाडी आणि गावात कुठलंही उद्घाटन असलं की पुढे. वाटणीत तो बांध त्यांच्याकडे गेला होता. त्यांनी तो गोदामाला दिला, जेसीबी लावून दगड उपटला आणि आपल्या बंगल्याच्या भिंतीला लागून संगमरवराचं देऊळ बांधून त्यात बसवला. घंटा लावली, दिव्यांच्या माळा लावल्या, वर सिमेंटचा पिवळाधमक पट्टेरी वाघ बसवला. आमच्या उसातल्या जनावराच्या अंगावर ठिपके आहेत, हे त्यांच्या लक्षातही आलं नाही.

नव्या देवळातल्या पहिल्या वाघबारशीला आत्या नेहमीसारखं नऊवारी नेसून, ताटावर फडका टाकून गेल्या. मी मागे नारळ घेऊन होते. पाहतो तर अर्जुनरावांची सून पहिला नैवेद्य दाखवून फोटो काढून घेत होती. आत्या गाभाऱ्याकडे निघाल्या तसे अर्जुनराव सगळ्या भावकीसमोर म्हणाले, "वहिनी, रांगेत या."

एवढंच म्हणाले. आवाज चढवला नाही, हसलेसुद्धा. आत्या तशाच ताट घेऊन माघारी फिरल्या. घरी येऊन त्यांनी मलिदा कोंबड्यांना टाकला आणि म्हणाल्या, "थोरला बघून घील त्याला. माज्या दारात येऊन, मान तुमचाच म्हनून नाक घासाय लावीन. तवर त्याच्या घरचं पानी पिनार न्हाई."

वर्ष होत आलं तरी थोरल्यानं काही बघून घेतलं नाही. अर्जुनरावांनी उलट दुसरी गाडी घेतली. तेव्हा आत्यांनी देवाला जरा हातभार लावायचं ठरवलं.

गणपती उठल्यापासून त्या रोज दिवेलागणीला तेलाचा रिकामा डबा घेऊन बाहेर पडायला लागल्या. कुठे म्हणून विचारलं तर म्हणायच्या, कुत्र्यांना टाकायला. कुत्र्यांची एवढी माया त्यांना कधी नव्हती. एक दिवस मी मागोमाग गेले. अर्जुनरावांच्या बंगल्याची मागची भिंत उसाला लागते. तिथे उभं राहून आत्यांनी डबा उपडा केला. आत चाकणच्या चिकन सेंटरवरची कोंबड्यांची पाय-मुंडी आणि आतडी होती. उसाकडे तोंड करून त्या अगदी मायेनं बोलत होत्या, "ये बाबा. हितं ये. ह्ये घर नीट बघून ठिव."

"आत्या, अहो माणसाला काही झालं तर?" मी म्हटलं.

त्या दचकल्या नाहीत. "मानसाला कशाला हुतंय? त्याचं ते जर्मन कुत्रं न्हेऊ दे. अन त्याची झोप न्हेऊ दे. कुनाला बोललीस तर बग."

मी बोलले नाही. खरं तर दुसऱ्या दिवशी चिकन सेंटरवरून डबा मीच भरून आणला. 'रांगेत या' हे मलाही लागलं होतं.

थोरला आला. आधी पाय-मुंडीला गावातली कुत्री जमली, मग कुत्र्यांच्या मागावर तो आला, आणि अर्जुनरावांच्या कॅमेऱ्यात सापडला. भिंतीवरून सावकाश चालत जाणारा, शेपूट खाली सोडलेला. मी आत्यांना मोबाइलवर दाखवलं. त्यांनी आधी हात जोडले आणि मग विचारलं, "भावजींचं तोंड कसं झालंय ते दिसतंय का ह्याच्यात?"

तोंड उत्तमच झालं होतं. अर्जुनरावांनी कुत्रं घरात घेतलं आणि तो व्हिडिओ गावभर पाठवला, 'वाघोबाचे साक्षात दर्शन' असं लिहून. जुनी जागा सोडून देव नव्या देवळाला पावला, असं लोक म्हणायला लागले. रविवारी पिंपळे सौदागरच्या सोसायट्यांतून मोटारी यायला लागल्या. शर्टावर कंपनीचं नाव असलेली पोरं शिफ्ट सुटल्यावर नारळ घेऊन उभी राहायची. देवळाबाहेर पेढ्याची गाडी लागली. वाघबारशीला सायंकाळी महाआरती आणि दर्शन, असा फलकसुद्धा चौकात लागला. देव रोज ठरल्या वेळेला येतो याचं लोकांना फार अप्रूप होतं. ती वेळ आत्यांच्या डब्याची होती.

त्या फलकाखालून आम्ही दोघी बाजार घेऊन चाललो होतो. आत्या थांबल्या. अर्जुनरावांचा हात जोडलेला फोटो त्यांनी वरपासून खालपर्यंत बघितला. "माज्या डब्यावर ह्यो देव झाला व्हय," त्या म्हणाल्या. मला हसू आलं, पण त्यांच्याकडे बघितल्यावर ते गिळलं.

मग त्यांनी दुसरा बेत केला, आणि तो पहिल्यापेक्षा सरस होता. वाघबारशीच्या काही दिवस आधीपासून त्यांनी डबा बंद केला. "बगू की आता कोन दर्शन देतंय," म्हणून डबा घासून फळीवर उपडा ठेवला.

वाघबारस आणि वसुबारस एकाच दिवशी येते. एका दिवसात वाघालाही पुजायचं आणि गाय-वासरालाही. आमची गाय तांबडी, आणि तिची कालवड चंद्री. चंद्री जन्मली तेव्हा पायावर उभी राहत नव्हती. आत्यांनी तिला मांडीवर घेऊन बाटलीनं दूध पाजलं, गोणपाटात गुंडाळून चुलीपाशी निजवलं. नवनाथला लहानपणी एवढं केलं नसेल. त्या गोठ्यात गेल्या की चंद्री त्यांचा पदर चघळायची आणि त्या शिव्या देत तो चघळू द्यायच्या. सगळ्या गावाशी वाकड्यात असलेली बाई त्या कालवडीशी सरळ बोलायची.

त्या दिवशी आम्ही दोघींनी उपास धरला होता. बाजरीची भाकरी आणि गवारीची भाजी करून ठेवली. तांबडी गोठ्यात होती, चंद्रीला अंगणात खुंटीला बांधून मी तिच्या गळ्यात झेंडूची माळ घातली, शिंगं फुटायच्या जागी हळद लावली. आरतीचं ताट तयार होतं. "आत्या, आधी पूजा उरकू," मी म्हटलं.

"आदी त्याचं तोंड बगून यिऊ," त्या म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांत अशी चमक मी कधी बघितली नव्हती. "गाय-वासरू काय पळून चाललंय?"

देवळापुढे पाय ठेवायला जागा नव्हती. अर्जुनराव फेटा बांधून माइक धरून उभे होते. आरती झाली, दिवे मालवले, सगळ्यांनी मोबाइल भिंतीकडे रोखले. आम्ही रांगेच्या अगदी शेवटी उभ्या होतो, आत्या मुद्दाम टाचा वर करून. उजेड कमी होत गेला. भिंतीवर काहीच आलं नाही. थोड्या वेळानं एक गावठी कुत्रं आलं, जिथे डबा उपडा व्हायचा तिथे हुंगलं, आणि अख्ख्या गर्दीकडे बघून जांभई देऊन गेलं. लोक फिदीफिदी हसले.

"देव गर्दीला लाजतो, शांतता ठेवा," अर्जुनराव म्हणाले. त्यांचा फेटा घामानं ओला झाला होता.

"राव, आज सुट्टीवर हाय का देव?" मागून कुणीतरी ओरडलं. मोटारी एकेक करून वळायला लागल्या. आत्यांनी पदराचा बोळा तोंडात धरला होता. घरी येईपर्यंत त्या वाटभर हसत होत्या, मधेच थांबून माझ्या दंडाला धरून हसत होत्या. माझ्या लग्नापासून मी त्यांना एवढं सुखात पाहिलं नव्हतं, आणि मीही तितकीच सुखात होते.

फाटकाशी आलो तेव्हा गोठ्यातून तांबडीचं हंबरणं ऐकू आलं. ते रोजचं नव्हतं. आत्यांनी फाटक ढकललं.

तुळशीपाशी तो होता. त्याच्या पायांखाली चंद्री होती, झेंडूची माळ तुटून अंगणभर झाली होती. व्हिडिओत तो मोठा दिसायचा. प्रत्यक्षात बारीक होता, बरगड्या मोजता येतील असा. आत्यांनी फाटकाजवळची वीट उचलली आणि हात वर नेला. तसं त्यानं वर बघितलं.

तो आत्यांच्या चेहऱ्याकडे बघत नव्हता. मी शेजारीच होते, मला नीट दिसलं. तो त्यांच्या दुसऱ्या हाताकडे बघत होता, मोकळ्या लोंबत्या हाताकडे, जिथे रोज डबा असायचा. गुरगुरला नाही, दात काढले नाहीत. उसात बसून तो रोज त्या हाताची वाट बघत असणार, आणि हात आला नाही म्हणून हाताच्या वासावर घरापर्यंत आला होता. आत्यांची वीट खाली आली, पण फेकली गेली नाही, नुसती बोटांतून सुटली. त्यानं चंद्रीला मानेला धरलं, कुंपणावरून उडी घेतली आणि उसात गेला.

"त्यानं मला वळखलं, पूनम," आत्या म्हणाल्या.

सकाळी अंगणात सगळं गाव लोटलं. वनखात्याचा माणूस ठसे बघून, पिंजरा लावतो म्हणून गेला. लोकांनी त्याच्याआधीच निकाल दिला होता. वाघोबानं संगमरवर नाकारला, फेटेवाल्याला तोंडघशी पाडलं, आणि खऱ्या मानकरणीच्या दारात जाऊन स्वतःच्या तोंडानं नैवेद्य घेतला. म्हाताऱ्या बायका ठशांवर हळदीकुंकू वाहत होत्या. आत्यांच्या पायाला हात लावायला अंगणातून फाटकापर्यंत रांग लागली. आत्या उंबऱ्यावर बसून होत्या. डोळे कोरडे. वाघोबाच्या वाट्याला रडायचं नसतं, आणि तो वाटा कुणी कसा वाढला हे आम्हा दोघींशिवाय कुणाला माहीत नव्हतं.

अर्जुनराव चालत आले. गाडी नाही, साखळी नाही. हातात मलिद्याचं ताट. रात्रभर झोपले नसावेत. लोकांनी वाट करून दिली तसे ते थेट उंबऱ्यापाशी आले आणि वाकले. "वहिनी, चुकलं माझं. मान तुमचाच हाय. दगूड तुमच्या बांधावर बसवतो. तेवढा पयला नैवेद्य तुमच्या हातानं—"

वर्षभर ज्याची वाट बघितली ते हेच होतं, अगदी शब्दाला शब्द. मी आत्यांकडे बघत होते. वाटलं, आता तरी राग उतरेल. त्यांनी अर्जुनरावांकडे शांतपणे बघितलं आणि सगळ्या भावकीला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "भावजी, रांगेत या."

ते गेले. खरंच गेले, फाटकापर्यंत, आणि पेढ्याच्या गाडीवाल्याच्या मागे ताट धरून उभे राहिले. मला वाईट वाटलं असं म्हणायला हवं, पण वाटलं नाही. अजून डोळ्यांपुढे आणलं की बरं वाटतं.

दुपारनंतर अंगण रिकामं झालं. तांबडी रात्रीपासून हंबरत होती, कास दगडासारखी झाली होती. आत्या चरवी घेऊन गोठ्यात गेल्या. तांबडी एवढी गरीब की शेजारच्या कुणीही येऊन पिळावं. तिनं कधी पाय उचललेला मी पाहिला नाही. आत्या खाली बसल्या, कासेला हात लावला, आणि तांबडीनं वळून आधी त्या हाताचा वास घेतला. मग लाथ मारली. चरवी भिंतीवर जाऊन आपटली, आत्या शेणात पडल्या.

मी काठी घेऊन धावले. त्यांनी हात वर करून मला थांबवलं. कोपराला लागलं होतं, रक्त येत होतं. उठून त्या पुन्हा तिच्या पायाशी, अगदी लाथेच्या टप्प्यात जाऊन बसल्या आणि पहिल्यांदा रडल्या.

"मार," त्या गायीला म्हणाल्या. "आता तुजा मान हाय."